फुजैराच्या डोंगरात आग शोधताना

बर दुबईच्या घरातून पहाटे निघाले तेव्हा धाकटी लेक अर्धवट झोपेत म्हणाली, "ममा, इज इट गोइंग टू इरप्ट?"

"तेच बघायला चाललेय," मी म्हटलं.

फुजैराकडच्या एका डोंगरी गावात जमिनीखालून गडगडाट येत होता आणि तिथे ज्वालामुखी जागा होतोय, अशी अफवा उठली होती. मी भूकंपमापनाचं काम करते. ऑफिसात सगळे हसले; मी मात्र हट्टानं यंत्र मागून घेतलं.

वाळू संपली, करडे उघडे डोंगर सुरू झाले. वादीत (पावसापुरत्या वाहणाऱ्या नदीच्या पात्रात) गाडी गोट्यांत रुतली. "मॅडम, खलास. अब पैदल," ड्रायव्हर शेर खान म्हणाला. यंत्र त्यानं उचललं, बॅटरी मी. गाव येईतो तळहात सोलवटले.

गावात माणसं घरं सोडून तंबूत राहत होती. उम्म सालेम (सालेमची आई) या वयस्क बाईंनी खजूर आणि गहवा (वेलदोड्याची बिनदुधाची कॉफी) पुढे केला. शेर खानला अरबी येत होती, तो दुभाष्या झाला.

"मुली, आग येणार का, तेवढं सांग. माझी लेक बाळंतपणाला आलीय. तिला उघड्यावर किती ठेवू?"

"तपासल्याशिवाय नाही सांगणार," मी म्हटलं.

खडकावर यंत्र बसवलं. सकाळी पाहते तर कागद कोरा. शेळ्यांनी वायर कुरतडली होती! शेर खान परतायचं म्हणू लागला. मी वायर जोडली, भोवती काटेरी फांद्या रचल्या आणि मुक्काम वाढवला. मग सुई बोलू लागली. धक्के तुटक, टोकदार होते. ज्वालामुखीखाली उठते तशी लांबलचक थरथर कुठेच नव्हती. गावच्या झऱ्याचं पाणीही तापलेलं नव्हतं, गारच होतं. खडकातली जुनी भेग सरकत होती.

"आग नाही," मी उम्म सालेमना सांगितलं. "पण जमीन अजून हलेल."

"मग घरात जाऊ?"

'जा' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. मी आधी घर हिंडून पाहिलं. मागच्या दगडी खोलीच्या भिंतीला तडा गेला होता. पुढची नवी खोली मजबूत होती.

"लेकीला पुढे झोपवा. मागे कुणीही नको."

"यल्ला!" (चला!) म्हणत त्यांनी स्वतःच गादी उचलली. लेक पोट सावरत मागोमाग आत गेली.

गावातल्या माणसांनी गाडी गोट्यांतून ढकलून काढून दिली. परतताना रेडिओवर बातम्या लागल्या. गावाचा उल्लेख नव्हता. "कुछ हुआ ही नहीं, मॅडम, तो क्या बोलेंगे?" शेर खान म्हणाला.

खरंच होतं. पण 'काही झालं नाही' हेसुद्धा कुणीतरी तिथे बसून पाहावं लागतं, आणि पाहतच राहावं लागतं. वाटेतल्या पेट्रोलपंपावरून मी ऑफिसला फोन लावला.

"यंत्र आणलंस ना परत?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ते आता तिथेच राहील."