पालखी येऊन गेल्यावरची आंघोळ

रविवारची आंघोळ मी कुणाकडून मागून घेतलेली नव्हती. पाणी मी शेंदायचे, वाडीमागच्या आंब्याच्या कलमांखालचा वाळका पातेरा मी गोळा करायचे, न्हाणीच्या चुलीवर हंडाही मीच चढवायचे. तरी ती आंघोळ घरात खुपायची. सोमवार ते शनिवार मी शाळेच्या एका खोलीत चार इयत्ता सांभाळत होते. पहिलीची पोरं पाढे ओरडायची तेव्हाच चौथीला नकाशा समजावायचा, आणि मधेच दुसरीतलं कुणीतरी चड्डी ओली करून रडत उभं राहायचं. शनिवारी दुपारी घसा बसायचा आणि डोकं भणभणायचं. नवरा मुंबईला नोकरीला होता. तो सुट्टीवर आला की त्याचा शीण उतरवायला सगळं घर पाणी तापवायला धावायचं. माझा शीण उतरवायला मीच.

न्हाणी घराच्या मागे होती, तीन बाजूंनी माडाच्या झापांची आणि खाली जांभ्या चिऱ्याची. पाणी वाहून केळींना जायचं. नवऱ्याने आणलेला ट्रान्झिस्टर आठवडाभर मामंजींच्या उशाशी असायचा, बातम्यांसाठी. रविवारी दुपारी तासभर गाणं लागायचं तेव्हा मी तो उचलून आणायचे आणि न्हाणीतल्या खुंटीला, पाणी उडणार नाही अशा उंचीवर टांगायचे. एखादी बाई सावकाश गायची, मागे सारंगी. राग कुठला ते मला आजही ओळखता येत नाही आणि त्याची मला लाज नाही. कढत पाण्याचा पहिला तांब्या मानेवर पडायचा, ती बाई एकाच सुरावर थांबून राहायची, आणि आठवडाभर आवळून धरलेले माझे जबडे सैल पडायचे. कधी रडूही यायचं. तेवढा तास मी कुणाची सून नव्हते आणि कुणाची बाईही नव्हते.

मामंजी ओटीवरून ऐकू जाईल असं बोलायचे. नाकापेक्षा मोती जड, घरात कामं पडलेली आणि हिचं आपलं गाणंबजावणं चाललंय. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेल्या. माझ्या बाजूने बोलणारं एकच माणूस होतं, मामंजींच्या धाकट्या भावाची बायको. त्या विधवा काकी न्हाणीच्या चुलीपाशी बसून जाळ सारायच्या आणि मामंजींना आत बसूनच सांगायच्या, "न्हाऊ दे तिला. आठवडाभर लोकांची पोरं वळते ती." त्यांनाही गाणं आवडायचं, पण पुढे होऊन ऐकायला बसायची त्यांची छाती नव्हती. जाळ सारायच्या निमित्ताने ऐकायच्या. पुढे त्या मंडणगडला लेकीकडे राहायला गेल्या आणि माझी बाजू संपली.

त्या वर्षीच्या शिमग्यात, मंगळवारी, पोस्टमनने मामंजींच्या हातात एक कार्ड दिलं. शाळेतून येऊन मी स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ पाखडत होते. मामंजींनी कार्डाचा माथा पाहिला. माथ्यावर श्री नव्हता. वाईट बातमीच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत, हे आमच्याकडे पोरालाही कळतं. त्यांनी पुढे वाचलं नाही. हात उंच करून ते कार्ड पडवीच्या कौलात खोचलं आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

का, ते मला लगेच समजलं. शुक्रवारी ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात यायची होती. ज्या घराला सुतक, त्या अंगणात पालखी थांबत नाही, सरळ पुढे जाते. वर्षभर वाट पाहिलेला मान जातो. आणि सुतक लागतं ते कळल्यापासून. वाचलंच नाही तर कळलं नाही, कळलं नाही तर लागलं नाही. दहा दिवस उलटून गेल्यावर कळलं, तर आमच्या भावकीत नुसती एक आंघोळ केली की सुटका. देवाला फसवायला इतकी चोख सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मी तेव्हा एक शब्द विचारला असता, "कुणाचं पत्र, मामंजी?" तर त्यांना वाचावं लागलं असतं. मी विचारला नाही. भावकीतला मुंबईचा कुणी म्हातारा असेल, असं मनाला सांगितलं. सुतक लागलं असतं तर रेडियो बंद. शिमग्याच्या पाहुण्यांनी माझी कंबर मोडली होती आणि मला तो रविवार हवा होता. मी तांदूळ पाखडत राहिले.

शुक्रवारी पालखी आली, अंगणात नाचली. मी माझ्या हाताने देवीची ओटी भरली. नवरा सुट्टी काढून आला होता, तो शनिवारी परतला. रविवारी मी हंडा चढवला, रेडियो टांगला आणि झापाचं दार लावून घेतलं. अंगाला साबण लावलेला होता, गाणं नुकतं लागलं होतं, तेवढ्यात मामंजी दाराशी आले.

"न्हातेस काय गो?"

"हो."

"मंडणगडचं पत्र हाय. काकी गेली तुझी. मागल्या नाय, त्याच्या मागल्या गुरवारी. काल धा दिवस भरले. आता सुतक नाय, नुसती आंघोळ. आत हायसच, तर डोक्यावरनं पानी घे म्हंजे झालं." वर म्हणाले, "रेडियो काय, चालू दे हवा तर."

मी रेडियो बंद केला. ओलं लुगडं अंगाला गुंडाळून दार उघडलं. त्या घरात मी पहिल्यांदा सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर न घेता उभी राहिले आणि माझा बसलेला घसा फुटला. "मंगळवारचं पत्र आहे हे. काल त्यांचा दहावा झाला. थोरले दीर म्हणून तुम्ही तिथे हवे होतात. मी हवी होते. तुमच्या पालखीपायी त्या बाईला आपल्या घरचं एक माणूस मिळालं नाही. तुम्हाला ठाऊक होतं."

मला वाटलं, हात उगारतील. ते चिडलेसुद्धा नाहीत.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "तुला नव्हतं? मी कौलात खोचलं तवा तू दारात हुभी व्हतीस. बघितलंस तू. शिकलेली तू, मग इचारलंस का नाय?"

शिमगा गेला तरी कवित्व राहतं म्हणतात. मामंजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आणि मी त्यांना मनातल्या मनात अजून शिव्या घालते. लबाड म्हणते, काळीज नसलेला म्हणते. त्या घटकेला मात्र मला एकही शिवी सुचली नाही. त्यांनी पालखी राखली होती आणि मी रविवार.

मी दार लावलं. पाणी निवलं होतं. ते सांगून गेले तेच मी केलं, तांब्या भरून डोक्यावर ओतला, आणि तेवढ्याने काकींचं सुतक फिटलं.