बेडखालची टाकी

"यातली एक रेघ हलवायची न्हाई, सलीमभाई. त्यानं काढलंय तसंच पायजे."

किसनरावांनी कागद माझ्या टेबलावर पसरला आणि त्यावर दोन्ही तळवे ठेवले. मला कागद नीट दिसेना. हात काढा म्हणायचा धीर होईना.

माझं वर्कशॉप येरवड्यात आहे. हॉटेलांच्या किचनमध्ये गॅसची पाइपलाइन टाकणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. अलीकडे फूड ट्रक आणि कॅम्पर व्हॅनची कामंही येतात. कॅम्पर म्हणजे ज्यात झोपता येतं, स्वयंपाक करता येतो अशी गाडी. किसनरावांच्या मुलाने, निखिलने, जुनी बारा सीटर घेतली होती. सीट काढून बेड, ओटा, छोटा फ्रिज बसवला होता. आईवडिलांना कोकणात न्यायचं होतं. फक्त गॅसचं काम राहिलं होतं, तेवढ्यात त्याला डेंग्यू झाला. सहा दिवसांत सगळं संपलं. सत्तावीस वर्षांचा होता.

कागद मी शेवटी पाहिला. पट्टी लावून काढलेलं सुबक ड्रॉइंग होतं. बेडखाली एक पेटी, पेटीत गॅसची टाकी, तिच्या शेजारी बॅटरी आणि इन्व्हर्टर. हवा जायला पेटीला वरच्या बाजूला जाळी.

हे ड्रॉइंग चालणार नव्हतं. का, ते सांगतो. असल्या गाड्यांच्या परदेशी व्हिडिओत ज्याला प्रोपेन म्हणतात, ते आपल्या टाकीतल्या गॅसचंच भावंड. हे गॅस हवेपेक्षा जड. गळले की वर जात नाहीत, पाण्यासारखे खाली साचतात. वरची जाळी काही कामाची नाही. भोक तळाला हवं आणि ते थेट गाडीच्या खाली उघडायला हवं. टाकीची पेटी आतल्या बाजूने पूर्ण बंद हवी, दार फक्त बाहेरून. आणि बॅटरी तिथे नकोच. तिची एक ठिणगी पुरते.

"किसनराव, टाकी बेडखाली नाही ठेवता येणार. मागच्या दाराशी वेगळी पेटी करू."

"का?"

मी समजावलं. ते ऐकत होते, पण माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत होते.

"म्हंजे माझ्या पोराला अक्कल नव्हती?"

"तसं नाही म्हणालो मी."

"इंजिनियर होता तो. तुम्ही कितवी शिकलाय?"

"दहावी. पण असं काम मी करणार नाही."

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि ते गेले. मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. चुकीचं काम केलं नाही, विषय संपला. असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी दुपारी एक बाई रिक्षातून वर्कशॉपशी उतरल्या. विश्रांतवाडीहून आल्या होत्या. निखिलची आई, शालनताई. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

"भाऊ, त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. कागदात होतं तसंच."

"बरं."

"रोज दुपारी त्या गाडीत जाऊन झोपत्यात. त्याच्या बेडवर. चहा बी तिथंच करत्यात. मला आज गाडीपाशी वास आला. त्यांना म्हणलं, तर म्हणत्यात, न्हाई येत. कोविडपासून त्यांना कसलाच वास येत न्हाई, भाऊ. तुमचं नाव घरात निघालं होतं, म्हणून आले."

"आत्ता कुठे आहेत ते?"

"गाडीतच."

शालनताईंना स्कूटरवर मागे बसवून निघालो. सिग्नलला मला किती वेळ लागला, ते देवाला माहीत.

गाडी त्यांच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. काचा बंद. स्कूटर मी लांबच लावली, मोबाइल तिथेच ठेवला. शालनताईंना पुढे येऊ दिलं नाही. सरकतं दार उघडलं आणि वास नाकात घुसला. किसनराव कुशीवर झोपले होते. उशाशी निखिलचा ऑफिसचा शर्ट होता.

"किसनराव, उठा. बाहेर या."

ते दचकून उठून बसले. घामाने भिजले होते. "सलीमभाई? तुम्ही कसे? थांबा, लई उकडतंय, फॅन लावतो." आणि त्यांचा हात बटणाकडे गेला.

मी तो हात धरला. घट्ट धरला. एवढ्या वयाच्या माणसाला मी असं ओढून खाली उतरवलं, याची आजही लाज वाटते. त्यांना लांब नेऊन बसवलं. मग परत जाऊन पेटीची फळी उचलली, टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि सगळी दारं उघडी टाकली.

तासाभराने साबणाचं पाणी लावून पाहिलं. टाकीपासून शेगडीपर्यंत नुसता रबरी पाइप नेला होता. प्लायवूडच्या भोकातून तो जात होता, तिथल्या धारेने कापला गेला होता. शेगडीचं बटण बंद असलं तरी टाकी चालूच होती आणि कापल्या जागेतून गॅस बेडखाली साचत होता.

किसनराव शेडच्या बाहेर दगडावर बसले होते. मी काय सापडलं ते सांगितलं.

"म्हंजे त्याचं चुकलंच हुतं."

"पाइप टाकणाऱ्याचं चुकलं."

"मला फसवू नका, सलीमभाई. जाळी वर काढली हुती त्यानं."

मी त्यांच्या शेजारी बसलो. "काढली होती. पहिला कागद सगळ्यांचा असाच असतो. माझ्याकडे मोठमोठ्या हॉटेलांचे आर्किटेक्ट येतात, त्यांचासुद्धा. मग मी चुका दाखवतो, ते दुसरा काढून आणतात. निखिल असता तर त्यानेही आणला असता. त्याला तेवढा वेळ मिळाला नाही, एवढंच."

तेव्हा ते रडले. शालनताई म्हणाल्या, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच.

काम मी केलं. मागच्या दाराशी बंद पेटी, तळाला भोक, सगळीकडे तांब्याचा पाइप, हाताशी बंद करायचा व्हॉल्व्ह. फरशीलगत गॅस डिटेक्टर बसवला, गळती झाली तर तो शिट्टी मारतो. ज्याला वास येत नाही त्याचं नाक तेच. पाइपमध्ये हवा भरून प्रेशर गेज लावला. तासभर काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही. किसनराव तासभर तिथे उभे राहून तो बघत होते.

दिवाळीनंतर ती दोघं हर्णैपर्यंत जाऊन आली. तीन दिवसांचा बेत होता, दुसऱ्याच दिवशी परतली. मी विचारलं, गाडीने त्रास दिला का? किसनराव म्हणाले, "गाडी झ्याक हाय. तीन कप चहा ठेवला हिनं, सवयीनं. मग आम्हाला तिथं थांबवंना." गाडी त्यांनी विकली नाही. शेडमध्येच आहे. वर्षातून एकदा मी जाऊन जोड तपासतो.

पूर्वी काम नाकारलं की मी हात झटकून मोकळा व्हायचो. आता नाकारलं तर का नाकारलं ते चार ओळींत लिहून देतो, आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही फोन करून वाचून दाखवतो. काही गिऱ्हाइकं चिडतात. चिडू देत.