मामांच्या कॅमेऱ्याचं टोपण

शिरूरच्या एसटी स्टँडामागं फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या सुनीताताईंचं नाव आधी घेतो. मामांचे रोल वर्षानुवर्षं त्याच धुवायच्या. मामा गेले त्या दिवशी मामींना बोलवत नव्हतं, म्हणून मला फोनही त्यांनीच केला. मी जामनगरजवळ एका कारखान्यात वेल्डिंगला आहे, मोबाईल गेटवर जमा असतो. गेटवरच्या माणसाला मोडक्या हिंदीत पटवून त्यांनी मला बाहेर बोलावून घेतलं. "आधी बस कुठंतरी," म्हणाल्या, "मग सांगते."

सुट्टी मिळाली नाही. दहाव्याचा विधी मी मोबाईलवर बघितला. घोडनदीच्या घाटावर हार घातलेला मामांचा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला होता. डोळे ताठ, ओठ घट्ट मिटलेले… हा माझा मामा नव्हेच. आणि तसा फोटो ठेवायची वेळ माझ्यामुळं आली होती.

मामांचं घर शिरूरला, पण नोकरी दौंडला रेल्वेत होती. आठवीतनं शाळा सुटली तेव्हा मी आमच्या गावी, कासुर्डीला, घरात तोंड लपवून बसलो होतो. मामा येऊन मला घेऊन गेले आणि वर्षभर त्यांच्याजवळ ठेवलं. "शाळा सुटली म्हंजी डोळं न्हाई फुटलं तुझं," असं म्हणून त्यांनी हातात कॅमेरा दिला. खिशात मावणारा, पण लोखंडासारखा जड. बॅटरी नाही, काही नाही. फोटो घेणारी काच खाली आणि आपण बघायची खिडकी वर, वेगळी. त्या खिडकीत मधोमध पिवळसर चौकोन असायचा, त्यात समोरचा माणूस दोन-दोन दिसायचा. काचेभोवतीचं कडं फिरवत ते दोन एकमेकांवर आणायचे. "दोनाचा एक झाला की दाब. मोबाईल समद्यांचं घेतो, ह्यो मातुर आधी माणसाकडं बघायला लावतो."

ड्यूटी सुटलेल्या माणसांना ते फलाटावर उभं करायचे. "अवो मामा, निघतोय का न्हाई फटू? गाडी निगंल माझी!" असं कुणी ओरडलं की मामा कडं फिरवता फिरवताच म्हणायचे, "गाडी रोज हाय गड्या. तुझं ह्ये थोबाड उद्या असंलच कशावरनं?" सगळे हसायचे. आता कॉलेजातली पोरं असले जुने कॅमेरे शोधत फिरतात, त्याचं मला पूर्वी हसू यायचं. आता येत नाही. माझ्या मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत, पण आठवून सांगा म्हटलं तर एक सांगता येणार नाही. मामांच्या रोलमधला प्रत्येक माणूस कुठं उभा होता, ते मात्र आजही सांगतो.

स्वतःचा फोटो ते कधी काढू द्यायचे नाहीत. मोबाईल समोर आला की तोंडापुढं कॅमेरा धरायचे. शेवटच्या सुट्टीत मी शिरूरला गेलो, तेव्हा ते खाटेवर होते, निम्मे झालेले. आपण होऊन म्हणाले, "घे बाबा माझा. दहाव्याला लागंल." मामी ओरडल्या, "जिभंला काय हाड?" तर मामा हसले… खूप हसले, आणि मी त्यांच्याच कॅमेऱ्यानं छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले.

त्या कॅमेऱ्याला कधी टोपण नव्हतं. काचेवर ओरखडा पडू नये म्हणून मीच मागवून त्याच दिवशी बसवलं होतं. खिडकीतून मला मामा लख्ख दिसत होते, टोपण दिसत नव्हतं. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांनाही दिसलं नाही.

सुनीताताईंनी फिल्म धुणं केव्हाच बंद केलं होतं. मामांसाठी त्यांनी पुण्याहून केमिकल आणवलं, पण ते येईपर्यंत मामा गेले आणि सगळं घर त्या रोलची वाट बघत बसलं. मग मला ताईंचा फोन आला. "रोल कोरा आलाय रे. फिल्मच्या कडेचे कंपनीचे आकडे स्वच्छ उमटलेत, म्हणजे धुण्यात चूक नाही. आत उजेडच गेला नाही. टोपण होतं का?" होतं, काढायचंच राहिलं, म्हणालो. त्या म्हणाल्या, "घरी मी सांगितलंय, माझ्याकडनं खराब झाला म्हणून. तू तिकडं एकटा आहेस. आत्ता तुझ्यावर नको."

मी गप्प बसलो. महिनाभर गप्प बसलो. हे लिहायला घेतलं आणि राहवेना, म्हणून मामींना फोन करून खरं सांगितलं. मग म्हणाल्या, "अरं, मी तिला भर बाजारात बोलले… माझा माणूस तर गेलाच, तू त्याचं त्वांडबी पुसलंस, म्हणले. चार बाया ऐकत व्हत्या. ती नुसती खाली मान घालून उभी… आता कुठल्या तोंडानं जाऊ मी तिच्याकडं? तू ये. संगं जाऊ."

सुट्टी कधी मिळेल, सांगता येत नाही. पण सुनीताताई, मी येणार. माझ्यासाठी जिथं तुम्ही मान खाली घातलीत, त्याच बाजारात मामींशेजारी उभा राहून, त्या चार बायांना ऐकू जाईल असं सांगणार, की चूक माझी होती. एवढ्यानं फिटणार नाही, कळतंय मला. पण फेडीन… हळूहळू का होईना, फेडीन.