काशीला नेलेली विजेरी

काशीला जायचं ठरलं ते अण्णांच्या एका वाक्यावरून. कार्तिकातल्या एका सकाळी संध्या आटोपून ते पाटावरून उठले आणि म्हणाले, "दत्तू, मला माझ्या आईचं नाव हवंय."

अण्णा म्हणजे माझे वडील, वय अडुसष्ट. त्यांना जन्म देऊन त्यांची आई दहाव्या दिवशी गेली. वर्षाच्या आत घरात दुसरी आई आली आणि पहिलीचं नाव कुणी काढायचं नाही असा दंडक पडला. कधी विषय निघालाच तर तिला नुसतं 'पहिली' म्हणत. आजोळ होतं कोकणात, तेही साथीत बसलं. त्यामुळे अण्णांनी जन्मभर श्राद्धात आईच्या जागी सावत्र आईचं नाव घेतलं. ती बाई मायाळू होती, त्यांना तिच्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. पण पिंड एकीचा आणि पत्ता दुसरीचा, हे त्यांना म्हातारपणी फार लागू लागलं.

धागा एकच होता. माझे पणजोबा सगळं घर घेऊन पायी काशीला गेले होते आणि नवी सूनही बरोबर होती, असं ऐकिवात होतं. काशीचे उपाध्ये आलेल्या यात्रेकरूंची नावं वहीत लिहून ठेवतात. मी आमच्या उपाध्यांना, विनायकभटांना, कार्ड टाकलं. उत्तर आलं: "वही आहे. खोलीत अंधार आहे. उजेड घेऊन या."

मी साताऱ्यात शाळेत चित्रकला शिकवतो. नव्या वस्तूंची मला हौस, आणि हौसेला असं धर्मकार्याचं निमित्त मिळाल्यावर मी कसला थांबतोय. पुण्याला जाऊन दोन सेलांची पितळी विजेरी घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, वर्षभर बघायला नको." ते शब्दशः खरं ठरलं. पुढे तिच्याकडे बघवतच नव्हतं.

वाटेची माहिती आधी देतो, म्हणजे जाणाऱ्यांना उपयोग होईल. साताऱ्याहून पुणे, पुण्याहून कल्याण, तिथून भुसावळ, इटारसी, जबलपूर करत मोगलसराई आणि मग पूल ओलांडून काशी. तिसऱ्या वर्गात जागा मिळवायची असेल तर सामान आधी खिडकीतून आत टाका आणि म्हातारा माणूस दारातून. इटारसीची पुरीभाजी खाण्यासारखी आहे. अण्णांसारखं सोवळं सांभाळणारं कुणी बरोबर असेल तर दशम्या भरपूर न्या, कारण असे लोक स्टेशनावरचं खात नाहीत आणि तुम्ही खाताना मात्र प्रत्येक घास मोजतात.

विजेरी मी अंथरुणाच्या वळकटीत ठेवली होती, तांब्याला खेटून. खंडाळ्याच्या पहिल्या बोगद्यात गाडी शिरली, डबा काळोखात बुडाला, आणि समोर बसलेले कल्याणचे एक तूपवाले ताडकन उठले. "अहो, तुमचं अंथरूण पेटलंय."

वळकटीच्या आतून खरोखरच निखाऱ्यासारखी तांबूस धग दिसत होती. मी काही बोलायच्या आत तूपवाल्यांनी आपली सुरई तिच्यावर उपडी केली. बोगदा संपला. माझी घोंगडी, अण्णांचं धाबळीचं सोवळं आणि दशम्यांचं गाठोडं, सगळं भिजून चिंब झालं होतं. तांब्याच्या काठाने विजेरीचं बटण दाबलं गेलं होतं आणि बाई साताऱ्यापासून आतल्या आत जळत होत्या.

"दुसऱ्याला उजेड दाखवायचा सोडून स्वतःच अंथरुणात दिवा लावून बसलीय," अण्णा म्हणाले. मग कल्याणपर्यंत त्यांनी तूपवाल्यांना सुपारी कातरून दिली. माझ्या वाट्याला खांड आलं नाही.

तेव्हा वाचकहो, पहिला धडा. विजेरी प्रवासात नेताना आतला एक सेल काढून उलटा घाला. मग बटण दाबलं गेलं तरी ती पेटत नाही. हे मला पुण्याच्या दुकानदाराने सांगायला हवं होतं.

काशीला पोचलो ते त्रयोदशीला. स्टेशनावरून एक्का केला तर पाठीचे मणके आपापले ओळखू येतात, पण दुसरा उपाय नाही. विनायकभटांचं घर मुन्शी घाटाच्या मागे, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं अशा गल्लीत. पाच पिढ्यांपूर्वी ही मंडळी वाईकडून आली. बोलतात मराठीच, पण गंगेचं पाणी मिसळलेली. उपाध्यीणबाईंना सगळे माई म्हणतात. त्यांनी दारातच सांगितलं, "आधी नहाऊन घ्या, मग चूडा-मटर खा गरम गरम. थंडी फार आहे यंदा."

चूडा-मटर म्हणजे पोहे आणि कोवळे मटार तुपात परतून केलेला थंडीतला पदार्थ. काशीला हिवाळ्यात जाण्याचं ते एक पुरेसं कारण आहे.

वह्यांची खोली माजघराच्या पोटात. खिडकी एकच, आणि तिच्यासमोर शेजाऱ्यांनी भिंत घातलेली. भर दुपारी स्वतःचा हात दिसत नव्हता.

"मग समई लावू," मी म्हटलं.

"वह्यांजवळ दिवा न्यायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज," विनायकभट म्हणाले. "आजोबांच्या वेळी एकदा वात पडली. तीन गावं जळली. त्या गावच्या यजमानांना अजून पूर्वज नाहीत."

"मग वही बाहेर ओसरीवर आणा."

"ती तर मुळीच निघत नाही. उंबऱ्याबाहेर गेली की चुलतभाऊ म्हणतो, माझी. एक अशीच गेली. म्हणून तर म्हटलं, उजेड आणा. आमच्याकडे पण तीन विजेऱ्या आहेत, यजमान सोडून गेले त्या. जळत एक पण नाही."

मी ऐटीत बटण सरकवलं. आमचीने हळदीच्या डागाएवढा उजेड पाडला. विनायकभटांनी वही उघडून "शके" एवढं वाचलं, आणि डाग विझला. बोगद्यातली हौस भोवली होती. अमावास्येला श्राद्ध करायचं, दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. हातात मधला एक दिवस आणि अमावास्येची सकाळ.

तसाच चौकात गेलो. दुकानदाराच्या तोंडात पान. नवे सेल त्याने आपल्या विजेरीत घालून दाखवले, समोरच्या भिंतीवरची पाल पळाली इतका उजेड. "एकदम ताजा हौ, गुरु," तो म्हणाला. तेच सेल माझ्या विजेरीत घातले तर काही नाही. मी तक्रार केली. त्याने सेल परत आपल्या विजेरीत घातले, पाल पुन्हा पळाली. "हमरे में त जरत हौ," आमच्यात तर जळतंय, असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. शेवटी आतली स्प्रिंग नखाने ओढून लांब केली, तेव्हा पेटली. घरी येऊन मी ती अण्णांच्या उशाशी ठेवली आणि शांतपणे झोपलो. सबंध प्रवासातली माझी सर्वांत मोठी चूक तीच.

चतुर्दशीला सकाळी उठून पाहतो तर विजेरी नाही आणि अण्णाही नाहीत. घाटावर गेलो. अण्णा शेवटच्या पायरीवर बसून विजेरी राखेने घासत होते. मी ओरडायच्या आत त्यांनी ती गंगेत तीन वेळा बुडवून काढली.

"अण्णा, आत सेल आहेत."

"असू देत. वहीत सगळ्यांचे पूर्वज आहेत, तिच्याजवळ बाजारातली वस्तू तशीच न्यायची? पितळ आहे, घासलं की शुद्ध."

"आत पाणी गेलं."

"तांब्यात रोज पाणी जातं. तो बिघडलाय कधी?"

झाकण उघडलं तर सेलांची कागदी सालं फुगून सुटली होती आणि आतून राखाडी पाणी ठिबकत होतं. माझं डोकं फिरलं. साठ वर्षं वाट पाहिली, आता एक सकाळ थांबवलं नाही का, असं मी त्यांना बोललो. ते विजेरी धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. ते बघून मला माझीच लाज वाटली.

माई म्हणाल्या, "उन्हात ठेवा, जान येते परत. सगळे ठेवतात." म्हणून गच्चीवर, त्यांच्या वाळत घातलेल्या वड्यांशेजारी, मी दोन सेल मांडले आणि काठी घेऊन पहाऱ्याला बसलो. तरी एक माकड आलंच. वड्या सोडून त्याने सेल उचलला, चावून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि गल्लीत भिरकावला. त्या माकडाने माझं विजेरीबद्दलचं मत नेमकं सांगितलं होतं. दुपारी पुन्हा चौक, पुन्हा पान चघळणारा दुकानदार, पुन्हा नवे सेल.

संध्याकाळी अण्णांना नावेत घालून राजा घाटापर्यंत फिरवून आणलं. नाव ठरवताना परत आणण्याचं आधी ठरवा, नाहीतर नावाडी तुम्हाला पलीकडच्या वाळूत उतरवून गंगेचं माहात्म्य सांगत बसतो. अण्णांनी घाटांकडे फारसं पाहिलं नाही. मधेच म्हणाले, "नाव नसेलच वहीत, तर?" मी म्हटलं, असेल. मला काहीच ठाऊक नव्हतं.

अमावास्येच्या सकाळी श्राद्धाचं सगळं सामान मांडून झालं आणि आम्ही वह्यांच्या खोलीत शिरलो. सेल नवे होते, पण राखेने आणि पाण्याने आतल्या पितळावर पुट चढलं होतं. बटण सरकवलं की क्षणभर उजेड, लगेच अंधार. हलवलं की उजेड, धरलं की अंधार. बुडाचं झाकण जोराने दाबून जरा तिरपं धरलं तर टिकायचा, पण माझा हात थरथरायचा आणि तो जायचा. विनायकभट दर वेळी पान सोडून पुन्हा पहिल्यापासून शोधत. श्राद्धाची वेळ जवळ आली होती.

"दे इकडे," अण्णा म्हणाले.

चाळीस वर्षं अडकित्ता चालवलेला अंगठा तो. त्यांनी झाकणावर टेकवला आणि दाबला. उजेड आला तो हललाच नाही. ज्या वस्तूला त्यांनी प्रवासभर नावं ठेवली, ती त्यांच्या हातात गुमान जळत राहिली. विनायकभटांचं बोट मोडीच्या ओळींवरून खाली खाली येत गेलं. आमचं गाव आलं. पणजोबांचं नाव आलं. पणजीचं आलं. आजोबांचं आलं.

"सून वेणू," विनायकभट वाचत होते. "निशाणी बांगडी."

अंधार झाला. या वेळी सेल संपले नव्हते. अण्णांचा अंगठा उचलला गेला होता.

अंधारातच अण्णांचा आवाज आला, "पुन्हा वाचा." आणि उजेड आला. विनायकभटांनी पुन्हा वाचलं. अण्णांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

"ज्यांना लिहिता येत नसे त्यांनी निशाणी काढायची," विनायकभट म्हणाले. "कुणबी नांगर काढतो, बायका बांगडी. मोठ्या बायका नुसता गोल ओढतात. ही बघा, कागदावर बांगडी ठेवून भोवतीने कलम फिरवलंय."

नावाशेजारी एक लहानसं वर्तुळ होतं. एका जागी शाई जास्त झाली होती. अण्णांची नजर अधू, अक्षरं त्यांना दिसत नव्हती, पण वर्तुळ दिसलं. त्यांनी विजेरी माझ्या हातात दिली, माझा अंगठा आपल्या हाताने झाकणावर दाबला आणि म्हणाले, "आता हलू नकोस." श्राद्धाच्या दर्भातली एक काडी घेऊन त्यांनी ती वर्तुळावर आडवी ठेवली, बरोबर मापाला मोडली आणि उपरण्याच्या टोकाला बांधली. माझा हात अजिबात हलला नाही. मी रडत होतो, तरी हलला नाही.

दुपारी श्राद्ध झालं. सावत्र आईला काय म्हणू, असं अण्णांनी विचारलं. विनायकभट म्हणाले, "तिची जागा वेगळी आहे ना, सापत्नमाता. कुणाचं काही जात नाही." अण्णांनी दोघींची नावं घेतली. वेणूचं घेताना आवाज इतका चढला की माई स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

परत येऊन आता वर्ष होत आलं. लोक विचारतात, काशीला नेण्यासारखी विजेरी कोणती? मला कुठलीही ठाऊक नाही. स्वस्त सेल लवकर मरतात, महाग सेल सावकाश मरतात, आणि बटण हवं तेव्हा सोडून एरवी नेहमी लागतं. आमची सध्या फळीवर आहे. पावसाळ्यात आतले सेल फुटले आणि झाकण कायमचं बसलं. तरी नेणार असाल तर एक सेल उलटा घाला, आणि सोवळं पाळणाऱ्या माणसापासून ती लांब ठेवा.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावाने या दिवशी सवाष्णीला जेवू घालून बांगड्या भरतात. आदल्या दिवशी आमचा नेहमीचा कासार ओसरीवर आला. अण्णांनी आतून दर्भाची काडी आणून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "या मापाच्या दे. हिरव्या."

कासाराने काडी एकेका बांगडीत धरून पाहिली. मग पेटीच्या तळातून अगदी लहान बांगड्यांचा तोडा काढला आणि अण्णांकडे बघत राहिला.

"अण्णा, एवढ्या मापाची सवाष्ण कुठून आणणार तुम्ही? ह्या तर लहान पोरीच्या बांगड्या."

"हो," अण्णा म्हणाले. "पोरच होती माझी आई."