उमरखेडच्या वाटेवर मुठीचं धान्य

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. कळंबच्या रस्त्यावर हे चक्कर येऊन सायकलसकट आडवे झाले आणि एका भल्या माणसानं बैलगाडीत घालून घरी आणले, तेव्हाच मी ठरवलं, यांना यवतमाळातून हलवायचं. हे म्हणजे माझे यजमान, आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. आठवड्यातले निम्मे दिवस उपास आणि उरलेल्या दिवशी जेवायला सवड नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर हे टिकायचे नाहीत. मी तेव्हा पोटुशी होते. मला नवरा हवा होता, संत नको होता.

आरामाला चला म्हटलं असतं तर हे जागचे हलले नसते. उमरखेडजवळच्या खेड्यात माझी सुगंधामावशी राहायची. तिथल्या मंडळीला नाताळाआधी उपदेश हवाय, एवढं म्हटलं आणि यांनी लगेच पिशवी भरली.

जाणार असाल तर सकाळची एसटी धरा. आर्णी, महागाव, मग उमरखेड. तेव्हा दोघांचं तिकीट एका कोंबडीच्या दामात यायचं. रस्ता असा, की खाल्लेलं तिथंच जिरावं, पण खिडकीबाहेर बघत राहावं इतका फुटलेला कापूस! आर्णीला गाडी तापली. मिस्त्री आला, इंजिनाकडे बघितलं आणि सावलीत बसून डबा उघडला. लोक कुरकुरले, तर म्हणाला, "गरम इंजन खोलतेत का कोनी? थंडं होऊ द्या, तवरीक मीबी जेवून घेतो." मी पण भाकरीचं फडकं सोडलं. यांनी हात जोडून नको म्हटलं. असा राग आला मला!

मावशीकडे पोचलो आणि जीव निवला. बाई रांडपणी एकटीनं शेत करायची, पण चेहऱ्यावर वैताग म्हणून नाही. पहाटे प्रार्थना, मग शेत, दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि घटकाभर निंबाखाली पडायचं. देवानं दिवस देल्ला तशी सावलीबी देल्ली, म्हणायची. रविवारी वेचणी बंद, कापूस कितीही फुटलेला असो. शेजारचे हसायचे, तीही त्यांच्यासोबत हसायची.

त्या गावची एक रीत. स्वयंपाकाला बसताना प्रत्येक घरची बाई आधी मूठभर ज्वारी मडक्यात टाकायची. रविवारी ती मडकी प्रार्थनाघरात यायची आणि ते धान्य पाळकाच्या घरी जायचं. गावोगावच्या अशाच मुठींवर यवतमाळात आमची चूल पेटायची. आणि हे? दारी येईल त्याला आपलं ताट देऊन स्वतः उपाशी. मावशीला मी सगळं रडून सांगितलं.

रविवारी प्रार्थना झाली, पानं वाढली, आणि हे म्हणाले, आज माझा उपास आहे. मावशीनं ताट उचललं नाही. आत गेली, त्या दिवशीची मूठ टाकलेलं मडकं आणलं, यांच्यापुढे ठेवलं.

"जावईबापू, हे मूठ आमी आमच्या भाकरीतून काढतो. तुमी जेवावं, धडधाकट राहावं म्हून देवाच्या नावानं देतो. तुमी उपाशी राह्यले, त मंग आमी जेवू घातलं कोनाले?"

यांनी मडक्यातली ज्वारी हातात घेतली, परत मडक्यात सोडली. मग डोळे मिटून आभार मानले आणि भाकरी मोडली. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कढी. दुसरी भाकरी स्वतःहून मागितली! त्यानंतर निंबाखाली जे झोपले ते उन्हं उतरेपर्यंत. मी चुलीपाशी बसून पोटभर रडले.

तिथं जाल तर रविवारी जा आणि जेवायला थांबा, वाढणारीला नाही म्हणू नका. मावशी आता नाही. हेही गेले, पण नातवंडांना खांद्यावर बसवून मग गेले. मी अजून मूठ काढते.

एक सांगायचं राहिलंच. तेव्हा यवतमाळला परतलो, त्याच संध्याकाळी मंडळीतले एक गृहस्थ दारात आले. एका घरी प्रार्थनेला लोक खोळंबलेत, पाळकसाहेबांनी असंच निघावं. सवयीनं मी यांची टोपी घ्यायला उठले. हे पाटावर बसलेले. त्यांनी मला खूण करून खाली बसवलं आणि लग्न झाल्यापासून कधी न ऐकलेलं वाक्य बोलले.

"तुम्ही व्हा पुढे. मी जेवून येतो."