वरून ऊब, खालून ओल

पेटीचं झाकण उचललं तर पिल्लांचा एका कोपऱ्यात ढीग झालेला. वरची हलत होती. खालची हलत नव्हती. एकेक उचलून बाजूला ठेवली. अकरा मेलेली निघाली.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. लष्करी दवाखान्याला अंडी हवी होती, म्हणून आमच्या पशुवैद्यकीय खात्याने लोणावळ्याच्या एका टोकाला रिकामा बंगला घेऊन तिथे बदकं वाढवायचं ठरवलं. मी नवखा असिस्टंट, वय चोवीस. स्वतंत्र जबाबदारीची ही पहिलीच वेळ. पुण्याहून नव्वद पिल्लं आली, यंत्रात उबवलेली. त्यांना आई नव्हती. आईच्या जागी मी होतो आणि माझा ब्रूडर.

ब्रूडर म्हणजे लाकडी पेटी. मध्ये रॉकेलचा कंदील, त्यावर पत्र्याची छत्री. छत्रीखाली ऊब धरून राहते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना नव्वद अंश फॅरनहाइटच्या आसपास ऊब लागते. गार वाटलं की ती एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात. हे सगळं मला पाठ होतं. थर्मामीटर नव्वदच दाखवत होता. तरी अकरा मेली होती.

पौषातली थंडी होती आणि घाटातून वारा येत होता. मी वात वाढवली. दहा वाजता पिल्लं चोची उघडून धापा टाकत पेटीच्या कडेला जाऊन बसली. वात कमी केली, तर पुन्हा ढीग. दुपारपर्यंत आणखी पाच गेली. वीसेक तर मान टाकून पडली होती. दुसऱ्या दिवशी सुपरिंटेंडेंट दामले साहेब इन्स्पेक्शनला येणार होते.

झाडलोट आणि चारापाणी बघायला गंगूमावशी होत्या. लोहगडाच्या पायथ्याच्या. सकाळपासून त्या माझी धावपळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सायेब, एक इचारू?"

"विचारा, मावशी."

"दिव्याला सारकं खालीवर करताय. पिलाला हात लावून बगितला का?"

मी एक पिल्लू उचललं.

"पाठीला न्हाई. पोटाला लावा."

पोट ओलंचिंब होतं. बर्फासारखं गार.

"वरनं गरम, खालनं गार. कशी जगायची? पाण्यात चोच घालत्यात, समदं पाणी पेंढ्यात उडवत्यात, अन् त्यातच बसत्यात."

मी पेटीत हात घातला. वरचा पेंढा कोरडा वाटत होता. बोटभर खाली चिखल होता. आईजवळच्या पिल्लांच्या पिसांना आईच्या अंगचं तेल लागतं, त्यांना पाणी सहसा धरत नाही. यंत्रातली पिल्लं मात्र फडक्यासारखी भिजतात. हेही मी शिकलो होतो. फक्त ते तळ्यापुरतं खरं आहे, असं धरून चाललो होतो.

मान टाकलेली पिल्लं मावशींनी जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसली, टोपलीत घातली आणि टोपली स्वयंपाकघरात चुलीपासून हातभर लांब ठेवली. "धूर लागाया नगं," म्हणाल्या. मी उरलेली पिल्लं दुसऱ्या टोपल्यांत भरून तिथेच नेली आणि पेटी पार रिकामी केली. मावशी भाताच्या गिरणीतून कोरडं तूस घेऊन आल्या. ते चार बोटं जाड पसरलं. चारी कोपरे बुजतील असा बांबूचा तट्टा गोल वाकवून लावला. कोपराच नसला तर ढीग होणार कुठे? पाणी उथळ परातीत ठेवून वर काठाशी भोकं पाडलेलं, परातीच्या मापाचं मडकं पालथं घातलं. भोकातून फक्त चोच जायची. परातीखाली बांबूच्या कामट्यांची जाळी आणि तिच्याखाली घमेलं, सांडेल ते घमेल्यात. घुशी आणि मुंगसं फार, म्हणून पेटी विटांवर चढवून खोलीच्या खिडकीला तारेची जाळी ठोकली.

शेवटचा खिळा मारत होतो आणि मागून आवाज आला.

"काळे, पिल्लं कुठं आहेत?"

दामले साहेब. एक दिवस आधी आले होते.

"स्वयंपाकघरात आहेत, साहेब."

"कुठं?"

ते तरातरा आत गेले. मावशी चुलीपाशी मांडी घालून बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दार लावा आदी. वारं येतंय."

साहेबांनी मागे वळून दार लावलं.

"किती गेली?" त्यांनी मला विचारलं.

क्षणभर वाटलं, ब्रूडरवर ढकलावं. कंदील जुनाच होता, पटलं असतं. पण पिल्लं मावशींच्या समोर होती आणि मीही. "सोळा. माझी चूक झाली, साहेब. खालची ओल बघितली नाही. ती मावशींनी दाखवली."

साहेब उकिडवे बसले. टोपलीतलं एक पिल्लू उचलून त्याच्या पोटाला बोट लावलं. पिल्लाने बोटाला चोच मारली आणि मोठ्याने चिवचिवाट केला. मग दुसरं ओरडलं. मग सगळी टोपलीच. सकाळपासून मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. मी भिंतीला टेकलो. हसू आवरत नव्हतं.

"कोरडं आहे," साहेब म्हणाले. "रिपोर्टमध्ये सोळा लिहा. चूक लिहा. आणि या बाईंचं नावही लिहा."

"नाव कशाला?" मावशी म्हणाल्या. "त्यापरीस तूस लय लागंल, ते ल्ह्या."

पिल्लं पेटीत सोडली. ती तुसावर मोकळी पसरून बसली, ढीग झाला नाही. त्या आठवड्यात आणखी एक गेलं, ते जन्मतःच अशक्त होतं. बाकीची त्र्याहत्तर मोठी झाली, आणि पुढे दवाखान्याला अंडी वेळेवर जाऊ लागली.

नंतर तीस वर्षं मी गावोगाव खुराडी तपासली. लोक मला वर टांगलेले दिवे दाखवायचे. मी आधी खाली वाकून जमिनीला हात लावायचो. निम्म्या ठिकाणी दुसरं काही तपासायची गरजच पडली नाही.