कालपासूनचा ताप

"टायफॉईड आहे. तिसरा आठवडा चालू आहे. आणि तुम्ही लोक माझ्याशी दोनदा खोटं बोललात," डॉक्टर म्हणाले आणि हातातला टाक त्यांनी टेबलावर आपटला.

टायफॉईड म्हणजे आपला मुदतीचा ताप. त्यात आतड्याला आतून फोड येतात आणि तिसऱ्या आठवड्यात आतडं इतकं नाजूक होतं की जरा ताण पडला तरी फाटतं. हे त्यांनी मला नाही, कंपाउंडरला समजावून सांगितलं. मी शेजारीच उभी होते. समोर खाटेवर माझी आठ वर्षांची सुभद्रा पडली होती. ओठ पांढरे, पोट तटतटलेलं, आणि हाक मारली तर डोळे उघडायलाही तयार नाही.

आम्ही दोनदा खोटं बोललो हे खरं आहे. का बोललो, हे त्या माणसानं त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढंही कधी विचारलं नाही. म्हणून इथं लिहिते. दवाखान्याच्या गावाचं नाव लिहीत नाही. डॉक्टरांना पोरंबाळं असतील, त्यांचा काय दोष?

आम्ही मोगलाईतले. पैनगंगेच्या पलीकडं निजामाचं राज्य, अलीकडं वऱ्हाड. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोनतीन वर्षं आधी तिकडची आमची विहीर आटली, तेव्हा गाडीत भांडीकुंडी टाकून आम्ही आसेगावकडं आलो आणि ओलिताचा एक तुकडा बटईनं धरला. जातीचे माळी, भाजीपाला हेच आमचं काम. मी, माझा नवरा, सुभद्रा आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची.

नदी ओलांडली आणि आम्ही 'मोगलाईवाले' झालो. आमच्या बोलण्याला लोक हसायचे. आमची वांगी मात्र पिशव्या भरभरून न्यायचे.

आता ती खोटं बोलायची गोष्ट. आमच्याकडं आजारपणाचे दिवस तोंडानं मोजत नाहीत. मुदतीच्या तापाची मुदत सात, चौदा नाहीतर एकवीस दिवसांची. आकडा तोंडातून गेला की तापाला आयतंच निमंत्रण मिळतं आणि तो पुढच्या मुदतीपर्यंत पथारी पसरतो, असं आम्ही मानायचो. कुणी विचारलं, 'किती दिवस झाले?' तर उत्तर एकच, 'कालपासून.' पंधरावा दिवस असला तरी कालपासून.

तिकडं यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं, कारण तिकडच्या वैद्याला हे ठाऊक होतं. तो दिवस विचारायचाच नाही. जीभ बघायचा, पोट दाबायचा आणि सहज विचारल्यासारखं म्हणायचा, "पोर पडली तवा रानात काय चाललं व्हतं?" आपण सांगायचं, कांद्याची लागवड चालली होती, वांग्याला दुसरं पाणी देत होतो. तो मनात हिशेब करायचा आणि पुडी बांधायचा. आम्ही नदी ओलांडताना रीत बरोबर घेऊन आलो आणि वैद्य तिकडंच राहिला, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

सुभद्राला ताप आला त्या सकाळी मी मेथी टाकत होते. ती वाफ्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "आई, मला ऊन लागायलंय." थंडीचे दिवस होते. कपाळाला हात लावला तर तवा.

आत्याबाईंनी तुळशीचा काढा दिला, पेज दिली, खोलीला गोणपाटाचा पडदा लावला. मेथी उगवली. दोन पानांवर आली, चार पानांवर आली. ताप रोज दुपारी चढायचा आणि सकाळी थोडा उतरायचा, पण जायचा काही नाही. पुढं पोरगी असंबद्ध बरळायला लागली. पोट फुगलं आणि चार दिवस शौचाला झालं नाही. मग मात्र नवऱ्यानं आईचं ऐकलं नाही. त्यानं गाडी जुंपली. तो अठरावा दिवस होता. मी मोजत होते, पण मनात.

दवाखान्याच्या ओट्यावर गर्दी होती. एका बाईनं मायेनं विचारलं, "लेकराले काय झालं वं माय?" मी उत्तर दिलं, आणि माझ्या बोलण्यावरून तिनं ओळखलं. "मोगलाईतले होय का तुमी?" असं म्हणत तिनं आपलं पोरगं ओढून पलीकडं बसवलं. शेजारणीला म्हणाली, "तिकडून रोगराई घेऊनच येतात हे लोकं." मी तिच्याकडं असं पाहिलं की तिनं पदर ओढून घेतला. त्याहून जास्त काही करता आलं नाही, याची मला अजून चीड येते.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. "ताप किती दिवस?"

"कालपासून," आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. मला तेव्हा सगळं कळत होतं, पण सासूपुढं बोलता येत नव्हतं, असं आज लिहिलं तर लोकांना माझी दया येईल. पण तेही खोटंच ठरेल. मी ती रीत मानत होते. आत्याबाईंइतकीच मानत होते. अठरा म्हटलं तर माझ्या तोंडानं माझी पोर जाईल, अशी मला भीती होती.

"मलेरिया," डॉक्टर म्हणाले. म्हणजे हिवताप. क्विनाईनच्या पुड्या दिल्या, आणि पोट साफ व्हावं म्हणून कंपाउंडरनं तिथंच एरंडेल पाजलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता, म्हणून कोवळी मेथी तशीच कापली आणि जुड्या बांधल्या. त्याच संध्याकाळी सुभद्राला काळं शौचाला झालं. सकाळी लाल रक्तच पडलं. आम्ही पुन्हा गाडी जुंपली. वाटेत तिचे पाय गार पडले होते आणि मी ते पोटाशी धरून बसले होते.

डॉक्टरांनी या वेळी पुन्हा विचारलं. आत्याबाईंनी पुन्हा तेच सांगितलं, रक्त कालपासून, ताप त्याच्या आदल्या दिवसापासून. डॉक्टरांनी वहीत पाहिलं. "तीन दिवसांचा ताप आणि रक्त. डिसेंट्री." म्हणजे रक्ती आव. त्यांनी कंपाउंडरला जुलाबाचं मीठ कालवायला सांगितलं. "आतडं धुऊन निघालं पाहिजे. ताप ताजा आहे म्हणून देतोय. जुना असता तर जुलाब म्हणजे विष."

हेही माझ्याशी नाही, कंपाउंडरशीच बोलले.

मी विचारलं, "परवा पाजलं, तसलंच हाय का हे?"

"तसलंच. पोट साफ करायचं."

कंपाउंडर पेल्यात मीठ ढवळत होता. आकडा काही केल्या तोंडातून निघेना. मग तिकडच्या वैद्याला सांगावं तसं मी सांगितलं, "साहेब, पोरीला ताप आला त्या दिवशी मेथी टाकली व्हती. काल तिच्या जुड्या बांधल्या."

डॉक्टर खेकसले, "मी मेथीचं विचारलं का?"

कंपाउंडर हसला. "बाई, तू इथं मेथी इकाले आली काय?" ओट्यावरचे लोकही हसले. तिथला निम्मा गाव बागायती करणारा. मेथीची जुडी किती दिवसांत होते हे त्यातल्या दहाजणांना तरी ठाऊक असणार. पण मोगलाईवालीचं बोलणं कोण ध्यान देऊन ऐकतो?

कंपाउंडरनं पेला सुभद्राच्या ओठांशी नेला. मी त्याचं मनगट धरलं. परक्या पुरुषाचा हात मी जन्मात पहिल्यांदा धरला.

"वीस," मी म्हणाले. "आज इसावा दिवस हाय. मी मोजलेत."

आत्याबाईंनी कानावर हात ठेवले. मग खाटेवरून उठल्या आणि माझ्या थोबाडीत मारली, भरल्या दवाखान्यात. "मोजलंस? पोटच्या पोरीचे दिस मोजलेस? आता भोग."

डॉक्टरांनी पेला घेऊन मोरीत ओतला. मग टाक आपटला आणि ते बोलले, जे मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

आम्हाला दवाखान्यातच ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "परफोरेशन झालं, म्हणजे आतड्याला भोक पडलं, तर मी काही करू शकणार नाही. हलवायचं नाही. उठवून बसवायचं नाही. पोटात घट्ट काही द्यायचं नाही." दिवसात चार वेळा चमच्यानं बार्लीचं पाणी. बाकी ओल्या फडक्यानं अंग पुसायचं आणि पोटाकडं बघत बसायचं. पोट फळीसारखं कडक झालं तर बोलवायचं.

मी पोटाकडं बघत बसले. रक्ताचा नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवला. विडाल नावाची तपासणी असते, तिच्यात टायफॉईड पक्का कळतो. ते उत्तर आलं तेव्हा सुभद्रा अंगणात चालत होती.

आत्याबाई दाराशी बसून राहायच्या. माझ्याशी बोलायच्या नाहीत. माझ्या हातचं पाणी घ्यायच्या नाहीत. कंपाउंडर रोज नवीन आलेल्यांना ही गोष्ट मीठमसाला लावून सांगायचा. "हे मोगलाईवाले खरं सांगतच नाहीत. वीस दिवसाच्या तापाले कालचा म्हणतात!" लोक मान हलवायचे. एकदा मी त्याला म्हटलं, "मी मेथीचं सांगितलं तवा तू हसला व्हतास. ते बी सांग की." तेवढं मात्र तो कधी सांगायचा नाही.

एकविसाव्या दिवशी ताप उतरला नाही. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेपेक्षा थोबाडीत परवडली. बाविसावा गेला, तेविसावा गेला. पंचविसाव्या दिवशी सुभद्रानं "आई, भूक" म्हटलं. मी पदरात तोंड खुपसून रडले, कारण भूक लागली तरी मला तिला काही देता येत नव्हतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी अंग गार लागलं. डॉक्टरांनी तीन वेळा थर्मामीटर लावला. आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, "एकविसाव्यालाच गेला असता. तू बोललीस म्हणून सात दिस वाढले." डॉक्टर म्हणाले, "हा आजार चार आठवडेही चालतो. खरं सांगितलंत म्हणून मुलगी वाचली." दोघंही आपापल्या जागी ठाम. मी मधे उभी, आणि खरं सांगायचं तर दोघांचाही मला सारखाच राग येत होता.

घरी पाठवताना डॉक्टरांनी ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं. "पुढच्या वेळी अक्कल घेऊन या." मी हात जोडले. माणूस हाताचा हुशार होता. रोज दोन वेळा येऊन पोर तपासायचा, त्यात कधी खंड पडला नाही. त्याचे आभार मी तेव्हा मानले, आजही मानते. पण अक्कल त्याच्याकडं तरी कुठं होती? अठरा दिवस तापानं वाळलेली पोर समोर ठेवली आणि 'कालपासून' ऐकल्यावर त्यानं ते लिहून घेतलं. तिचे वाळलेले गाल त्याला दिसले नाहीत. अडाणी माणूस दिसला की पुढचं दिसत नाही, हाही एक आजारच म्हणायचा.

तुमच्यापैकी कुणी परमुलखात जाऊन राहिलं असेल आणि घरात ताप आला असेल, तर माझं एवढंच ऐका. दवाखान्यात आकडा सांगा. जीभ अडली तर बोटं दाखवा. ताप उतरल्यावर लगेच भाकरी देऊ नका, कितीही रडलं तरी. आणि डॉक्टर हसला तर हसू द्या, पण पेला ओठाला लागायच्या आधी बोला.

सुभद्रा पुढं शाळेत गेली. मला लिहायला तिनंच शिकवलं, ही अक्षरं तिच्याच वळणाची आहेत.

गेल्या थंडीत आत्याबाई पडल्या. न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसाचा ताप. दवाखान्यात डॉक्टर नवीन होता. त्यानं विचारायच्या आधीच मी सांगितलं, "अकरा दिवस." त्यानं छाती तपासली आणि माझ्या नवऱ्याला बाजूला नेऊन सांगितलं की वय झालंय, घरी घेऊन जा.

सुभद्राच्या त्या आजारपणापासून इतकी वर्षं आत्याबाई माझ्याशी कामापुरत्याच बोलल्या होत्या. मीही काही गोड बोलायला गेले नव्हते. त्या दिवशी दुपारी मी त्यांना पाणी पाजत होते. त्यांनी घेतलं. मग माझा हात धरून ठेवला. त्या घाबरल्या होत्या. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मला पडून किती दिस झाले गं?" त्यांनी विचारलं. "तुला ठाव असंल. तू मोजतीस."

मला ठाऊक होतं. त्यांच्या पांघरुणाची कड मी नीट खोचली.

"कालपासून, आत्याबाई," मी म्हणाले.